गाण्याचं कोडं आणि सोडवणारा सोबती

शकुंतलेच्या वाटेवर तीन ठाणी. पहिल्या ठाण्यात खाँसाहेब जन्माला आले. तिसऱ्या ठाण्याचं नाव लावणाऱ्याने त्यांच्यासाठी कट्यार घडवली. मधलं ठाणं कोणतं? ते वाशिम जिल्ह्यातलंच आहे, एवढी खूण घ्या.

हे कोडं या लेखासाठी रचलं आहे आणि त्याचं उत्तर पुढे येईलच. असं कोडं मोबाइलवर मित्रांना पाठवलं की काय होतं, हे अनेकांच्या परिचयाचं आहे. एक जण "हे तं सोपं हाये" म्हणतो आणि गप्प बसतो. दुसरा छातीठोकपणे चुकीचं उत्तर देतो. तिसरा "काहून बे, गूगल करून राह्यला काय?" म्हणून डिवचतो. शाळेत एका बाकावर बसलेले मित्र आज एक रिसोडला, एक पुण्याला, एक आखातात असे पांगलेले असतात. गाण्याच्या कोड्यावरून ते अर्धी रात्र भांडतात आणि त्या भांडणातून एकमेकांची खुशालीही कळत राहते.

या खेळाला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. गाणं, कोडं आणि थट्टा या तीन गोष्टी आपल्याकडे फार जुन्या काळापासून एकत्र नांदत आल्या आहेत. हा खेळ कुठून आला, आज त्याची रूपं कोणती, गाणं ओळखणारं यंत्र हाताशी आल्यावर त्याचं काय होणार आणि आपल्या भागातल्या गाण्यांना त्यात किती जागा आहे, याचा हा आढावा. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो: ज्या गाण्याविषयी माणसं एकमेकांना विचारत राहतात, ते गाणं टिकतं. म्हणून कोणत्या गाण्यांवर कोडी घालायची, हा साधा प्रश्न नाही.

वत्सगुल्मापासूनची परंपरा

वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे. तिची सुरुवात गीत, वाद्य आणि नृत्याने होते. त्याच यादीत पुढे प्रहेलिका म्हणजे कोडी, काव्यसमस्यापूरण म्हणजे दिलेल्या चरणावरून श्लोक पुरा करणं आणि प्रतिमाला म्हणजे शेवटच्या अक्षरावरून पुढचा श्लोक म्हणणं या कला येतात. प्रतिमाला ही आजच्या भेंड्यांची पूर्वज. सुसंस्कृत माणसाला गाणं यावं आणि गाण्यावरून, श्लोकावरून खेळताही यावं, अशी त्या काळची अपेक्षा होती.

आजचं वाशिम म्हणजे तेव्हाचं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथल्या लोकांचा उल्लेख कामसूत्रातही येतो. दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखराने काव्यमीमांसेत एक सुंदर कल्पना रंगवली. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागोमाग साहित्यविद्या देशोदेशी फिरते आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत दोघांचं लग्न लागतं. शब्दांचा खेळ आणि प्रीती यांची गाठ ज्या गावात बांधली गेली असं एका मोठ्या काव्यशास्त्रकाराने मानलं, ते गाव आपलं आहे.

याच राजधानीचा राजा सर्वसेन याने प्राकृतात हरिविजय नावाचं काव्य लिहिलं होतं. ते आज अखंड मिळत नाही. आनंदवर्धनासारख्या पुढच्या काव्यशास्त्रकारांनी त्याचा उल्लेख केला, कोणी त्यातले वेचे उदाहरणादाखल घेतले, म्हणून त्याचं नाव आणि थोडा अंश आपल्यापर्यंत पोचला. राजाचं काव्यसुद्धा राजवाड्याच्या बळावर टिकलं नाही. जेवढं लोकांनी चर्चेत ठेवलं तेवढंच उरलं.

कोडं कशासाठी, याचं नेमकं उत्तर दंडी या काव्यशास्त्रकाराच्या काव्यादर्शात आहे. खेळीमेळीच्या बैठकीत करमणूक म्हणून, चारचौघांत जाणकारांशी गुपित बोलण्यासाठी आणि समोरच्याला गोंधळात टाकण्यासाठी, असे तीन उपयोग तो सांगतो. प्रहेलिकेचे सोळा प्रकार तो देतो. सदोष कोड्यांचेही चौदा प्रकार पूर्वीच्या आचार्यांनी नोंदवले होते, असंही सांगतो. म्हणजे चांगलं कोडं कोणतं आणि वाईट कोणतं, हा वाद तेव्हाही होता. भामह या काव्यशास्त्रकाराचा कोड्यांवरचा आक्षेप अधिक तिखट होता. शास्त्राप्रमाणे स्पष्टीकरण दिल्यावरच कळणारं काव्य बुद्धिमंतांसाठी उत्सव ठरेल, पण मंदबुद्धीची माणसं त्यात मारली जातील, असं तो म्हणाला. आजच्या मित्रमंडळात एखादा अतिशहाणा कोणालाच सुटणार नाही असं कोडं टाकतो आणि बाकीचे हळूहळू बोलेनासे होतात, तेव्हा भामहाची ही काळजीच खरी ठरत असते.

गाऊन विचारलेले प्रश्न

मराठी संतांनी कोडं भजनात आणलं. ज्ञानेश्वर आणि मुक्ताबाई यांच्या नावावरचे कूट अभंग आजही टाळांच्या गजरात गायले जातात. मुंगीचा पराक्रम सांगणारा मुक्ताबाईंचा अभंग ऐकणाऱ्या लहान पोराला हसू येतं, मोठ्याला कोडं पडतं आणि साधकाला अर्थ लागतो. एकनाथांच्या भारुडांत ओळखीची पात्रं गंमत करता करता अध्यात्म सांगतात. तीनही तऱ्हांच्या श्रोत्यांना काहीतरी मिळतं, कोणीच रिकाम्या हाताने परतत नाही. भामहाला हवं होतं ते इथे साधलं.

शाहिरांनी याच कोड्याला सामन्याचं रूप दिलं. कलगी आणि तुरा हे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. एका फडाने डफ-तुणतुण्यावर भेदिक सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने गाऊनच त्याचा भेद उकलायचा. पुराण, पिंड-ब्रह्मांड, आकड्यांची गणितं, सगळं त्या सवालांत येई. जवाब नुसता बरोबर असून भागत नसे, तो गाण्यात बसावा लागे आणि प्रतिपक्षाला चिमटाही काढावा लागे. तमाशाच्या बोर्डावर ही जुगलबंदी सवाल-जवाब म्हणून रंगली. पट्ठे बापूरावांच्या काळात तिला मोठा बहर होता. 1964 साली अनंत माने यांनी 'सवाल माझा ऐका!' हा चित्रपट काढला, तेव्हा या प्रथेने नावातच जागा मिळवली होती.

बायका आणि मुली यांचा वाटा याहून मोठा असूनही त्याची नोंद कमी झाली. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात. माहेर-सासर, नणंदा-भावजया, रुसवे-फुगवे, सगळं त्या गाण्यांत येतं. गाणी संपली की झाकलेला डबा पुढे येतो आणि खाऊ ओळखायचा असतो. डबा हलवून आवाज ऐकवतात. खडखडला तर शेंगदाणे की फुटाणे? आवाजच आला नाही तर शिरा की खीर? यजमानीण मुलगी फसवायला डब्यात कागद कोंबते, बाकीच्या तिला टोमणे मारतात. आवाजावरून वस्तू ओळखण्याचा हा खेळ गाण्याला जोडून पिढ्यानपिढ्या चालत आला. आज मोबाइलवर गाण्याचे पहिले दोन सूर ऐकवून गाणं ओळखायला लावतात, त्याची कल्पना आपल्या अंगणातल्या मुलींना केव्हाच सुचली होती.

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं सर्वांत मोठं श्रद्धास्थान. तांड्यांवर होळीच्या दिवसांत लेंगी रंगते. पुरुषांचा आणि बायकांचा गट समोरासमोर उभा राहतो, डफ वाजतो, एका बाजूने छेड काढायची आणि दुसरीने तितक्याच चढ्या आवाजात परतवायची. नात्यागोत्याची थट्टा, रुसव्याला उत्तर, चिमट्याला चिमटा. नगारा ज्या समाजाच्या ओळखीचं वाद्य आहे, त्याने गाण्यातली थट्टा किती निर्मळपणे जपली, हे लेंगी ऐकल्यावर कळतं. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. संग्रहालयात वस्तू जपता येतील. लेंगीला मात्र समोर उत्तर देणारा गट लागतो.

छापील चालींपासून रेडिओपर्यंत

संगीत नाटकांनी मराठी माणसाला वेगळ्या जातीचं कोडं दिलं. नाटकाच्या छापील पुस्तकात पदावर त्याची चाल नोंदवलेली असे. अमक्या ठुमरीच्या, लावणीच्या किंवा दिंडीच्या चालीवर, असं तिथे वाचायला मिळे. 1882 साली रंगभूमीवर आलेल्या किर्लोस्करांच्या सौभद्रापासून रसिकांना एक छंद लागला: पदाच्या मागे उभी असलेली मूळ चीज ओळखायची. मानापमान (1911) आणि स्वयंवर (1916) यांच्या पदांवरून, अनुक्रमे गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांनी ही चाल कुठून आणली यावर तासन्‌तास वाद घालणारी पिढी होऊन गेली. शास्त्रीय संगीतात बंदिशीतल्या मुद्रेवरून रचनाकार ओळखणं हाही त्यातलाच प्रकार. 'सदारंग' आलं की नियामत खाँ, 'प्रेमपिया' आलं की फैयाज खाँ, 'गुनिदास' आलं की जगन्नाथबुवा पुरोहित.

मग रेडिओ आला. 1952 साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. क्रमवारीचा कार्यक्रम ती पुढे झाली. सुरुवातीला तीत सात गाणी मागेपुढे करून वाजवत आणि श्रोत्यांनी ती सालाच्या क्रमाने लावायची असत. बरोबर उत्तराला बक्षीस होतं. संपूर्ण देशाने पोस्टकार्डावर सोडवलेलं हे गाण्याचं कोडं होतं. कोणतं गाणं आधीचं, हे ठरवायला चित्रपट आठवावा लागे, चित्रपटाला संगीतकार आठवावा लागे, आणि तो आठवला नाही तर शेजाऱ्याच्या दारात जावं लागे.

मराठीत 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, आठवड्याला एक गीत, या रामनवमीपासून पुढच्या रामनवमीपर्यंत. यावर एक छान कोडं घालता येतं. वर्षाचे आठवडे 52, मग गीतं 56 कशी? हिशेब करणारा इथे अडतो, पंचांग पाहणारा सुटतो. त्या वर्षी अधिक मास होता, म्हणून चार गीतं वाढली. उत्तर गाण्याच्या बाहेरचं आहे, पण कळल्यावर गीतरामायण ज्या कालगणनेत जगत होतं तीही आपल्याला दिसते. कोड्याचा खरा लाभ हाच.

आजच्या कोड्यांच्या चार जाती

सध्या मोबाइलवर फिरणारी गाण्याची कोडी साधारण चार जातींत मोडतात. पहिली चित्रांची: चिमुकल्या चित्रांची रांग द्यायची आणि गाणं किंवा चित्रपट ओळखायचा. यात मुलंही भाग घेतात, पण पुष्कळदा शब्दाला चित्र एवढंच होतं, पुढे विचार उरत नाही. दुसरी कानाची: सुरुवातीचं वाद्य, मधला तुकडा किंवा उलटी फिरवलेली धून. तिसरी माहितीची: गीतकार कोण, साल कोणतं, पडद्यावर कोण. चौथी गूढ कोड्यांची: शब्द दिसतात एका अर्थाचे, असतात दुसऱ्या. या चौथ्या जातीत मला सर्वाधिक गोडी वाटते, कारण तीत माहिती, भाषा आणि प्रेम तिन्ही लागतात.

एक उदाहरण. "रामाचं नाव टाकलं आणि घरोघरी राम पोचवला." उत्तर सुधीर फडके. त्यांचं मूळ नाव रामचंद्र होतं. दुसरं: "आनंदाचे ढग साध्या माणसांवर बरसले. बक्षिसाला हाक आली तरी ढग हलेनात." उत्तर लता मंगेशकर. 'आनंदघन' या नावाने त्यांनी मराठी चित्रपटांना संगीत दिलं. 'साधी माणसं' (1965) या चित्रपटासाठी राज्य पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या सभागृहात शांत बसून होत्या आणि आनंदघन म्हणजे त्याच, हे व्यासपीठावरून सांगावं लागलं. लताबाईंनी सबंध महाराष्ट्राला हे कोडं घातलं होतं आणि उत्तर स्वतः सांगितलं नव्हतं.

आता सुरुवातीचं कोडं सोडवू. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद मार्गावर पूर्वी धावणारी आपली शकुंतला गाडी. वसंतराव देशपांडे यांचा जन्म 1920 सालचा, मूर्तिजापूरचा. 1967 साली रंगभूमीवर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात त्यांनी खाँसाहेबांची भूमिका अजरामर केली. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर, त्यांच्या आडनावात दारव्हा. आणि मूर्तिजापूर ते दारव्हा या वाटेवर मध्ये लागतं ते आपलं कारंजा. गायकाचं जन्मगाव आणि नाटककाराच्या आडनावाचं गाव एकाच लोहमार्गावर आहेत, हे एरवी कोणी बोलून दाखवत नाही. कोड्याने ते जोडलं. कारंज्याच्या स्टेशनवरून जाताना ज्याने हे कोडं सोडवलंय त्याला नाट्यसंगीत आपल्या गावचं वाटेल.

मित्रांना सुरात गुंफणारा इंग्रज

गाणं, कोडं आणि मित्र यांचं नातं आपल्याकडेच आहे असं नाही. एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराची 'एनिग्मा व्हेरिएशन्स' ही रचना 19 जून 1899 रोजी लंडनमध्ये पहिल्यांदा वाजली. एका मूळ धुनेवर चौदा रूपं, त्यांतलं पहिलं पत्नीचं, शेवटचं स्वतःचं आणि मधली बहुतेक मित्रमैत्रिणींची. वर फक्त आद्याक्षरं किंवा लाडकी नावं. कोणाच्या बोलण्याची लकब, कोणाचं हसणं, तर एका मित्राचा नदीत घसरलेला कुत्रा, सगळं सुरांत आलं. मित्रांनी स्वतःला ओळखायचं होतं. शिवाय या सगळ्यामागे आणखी एक धून दडलेली आहे असं एल्गारने सुचवलं. ती कोणती यावर सव्वाशे वर्षं वाद चालू आहे. त्याच मंडळातल्या डोरा पेनी या तरुण मैत्रिणीला त्याने 1897 मध्ये 87 चिन्हांची सांकेतिक चिठ्ठी पाठवली होती. तिला ती उलगडली नाही आणि सर्वमान्य उत्तर आजवर निघालेलं नाही.

या दोन कोड्यांत मला मोलाचा फरक दिसतो. मित्रांची रूपं ओळखता येत होती, म्हणून ती रचना जगभर लाडकी झाली. चिठ्ठी सुटेना, म्हणून ती केवळ कुतूहलाची वस्तू होऊन राहिली. ज्याला कोडं घातलं त्याला ते सुटण्याची शक्यता नसेल, तर तो संवाद राहत नाही.

यंत्राला न सुटणारं

गाणं ओळखणारी शॅझम ही सेवा ब्रिटनमध्ये 2002 साली सुरू झाली. आता कोणाच्याही फोनला काही सेकंदांत गाणं ओळखता येतं. माहितीची कोडी शोधयंत्रं क्षणात सोडवतात, गूढ कोड्यांवरही कृत्रिम बुद्धिमत्ता आता हात चालवू लागली आहे. मग या खेळाचं काय उरलं, असा प्रश्न खरा आहे.

माझं उत्तर असं की नुसत्या माहितीवर उभी असलेली कोडी संपतील आणि त्याचं दुःख नको. उरतील ती समोरच्या माणसासाठी घडवलेली. आठवीतल्या स्नेहसंमेलनात कोणाचा सूर कोणत्या गाण्यावर फाटला, कोणत्या वरातीत कोणी एकच गाणं पुन्हा पुन्हा लावायला लावलं, गावच्या भजनी मंडळात कोणत्या अभंगाला कोण नेहमी पुढे सरतं, हे त्या मंडळींनाच ठाऊक असतं. असं कोडं घालणाऱ्याला मित्राच्या डोक्यात काय काय साठलंय याचा अंदाज असावा लागतो. म्हणून ही परीक्षा सोडवणाऱ्याइतकीच घालणाऱ्याचीही असते.

चांगल्या कोड्याच्या कसोट्या मला तीन वाटतात. उत्तर कळल्यावर "अरे, हेच होतं की!" असं वाटलं पाहिजे, "याला काय अर्थ?" असं नको. दुसरी, प्रत्येक शब्द कामाचा हवा, फसवण्यापुरता घातलेला शब्द खोटेपणा होतो. तिसरी, अडलेल्याला एक खूण मागता यावी आणि हार मानताना मान खाली घालावी लागू नये. गाण्यांच्या भेंड्यांत भेंडी चढते ती हसत चढते, म्हणून हरलेलाही पुढच्या फेरीला बसतो.

थट्टेचंही तसंच आहे. सवाल-जवाबात, लेंगीत टोमणा असतो, पण उत्तर द्यायला तितकाच मोकळा वाव असतो. ज्याला उलट बोलता येत नाही त्याला चिडवणं ही थट्टा नव्हे. कोणाची जात, रंग, शरीर, घरची ओढाताण यांवरून कोडं रचणं खेळाच्या बाहेरचं आहे. जुन्या शाळेतल्या मैत्रिणी अशा मंडळात गप्प का असतात, याचा विचार मित्रांनी प्रामाणिकपणे करावा. बऱ्याचदा थट्टेने त्यांची वाट अडवलेली असते.

कोड्यात न आलेली गाणी

आता सर्वांत महत्त्वाचं. आज फिरणारी बहुतेक कोडी हिंदी चित्रपटगीतांवर असतात. त्या गीतांवर माझंही प्रेम आहे. पण वाशिमच्या मित्रमंडळाला भुलाबाईच्या गाण्यावर, लेंगीवर, तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनावर कोडं घालावंसं का वाटू नये? जिल्ह्याला लागून असलेल्या मेहकरात ना. घ. देशपांडे वकिली करत. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रित केली आणि मराठी भावगीताच्या प्रवासात ती मैलाचा दगड ठरली. मालेगाव-रिसोडकडच्या किती तरुणांना हे ठाऊक असेल? त्यांना भाषणातून सांगून ते लक्षात राहणार नाही. "मेहकरच्या वकिलाने शीळ घातली, ती तबकडीवर कोणी वाजवली?" असं विचारलं तर राहील, कारण उत्तर स्वतः शोधलेलं असेल.

लोकगीतांवर कोडी घालायला एक अडचण आहे: त्यांची माहिती जालावर फारशी नाही. हीच मला मोठी संधी वाटते. तिथे यंत्र मुकं आहे, विचारायला आई, आत्या, तांड्यावरची आजी, भजनी मंडळातले काका यांच्याकडेच जावं लागतं. त्यांना नुसतं "गाणं सांगा" म्हटलं तर ते संकोचतात, "मले काय येते बाप्पा" म्हणून कामाला लागतात. पण कोडं घातलं आणि आपण मुद्दाम नव्हे, खरोखर अडलो, की ते आपसूक गाऊन दाखवतात.

म्हणून मित्रांनो, येत्या कोजागिरीला किंवा होळीला एक नियम करून पाहा. दहा कोड्यांतलं निदान एक आपल्या भागातल्या गाण्यावर असावं, ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून घेतलेलं असावं आणि उत्तरासोबत तिच्या आवाजात ते गाणंही मंडळात यावं. कोडं तिने घालायचं, अडायचं आपण. एरवी सगळीकडे प्रश्न विचारणारे तरुण आणि उत्तरं द्यायला मागे सरणाऱ्या आज्या असा क्रम झाला आहे. तो उलटला, तर या खेळाने मित्रांची करमणूक करता करता गाणीही राखली, असं आपल्याला खात्रीने म्हणता येईल.